द्राक्षाची रेसिड्यू चाचणी: वहीपासून विहिरीपर्यंत

२०१० च्या हंगामात कित्येक निर्यातदारांच्या हातात रेसिड्यूचे, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचे, स्वच्छ अहवाल होते आणि माल मात्र युरोपात अडकून पडला होता. तिकडच्या प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं सीसीसी, सापडलं होतं. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत तेव्हा सीसीसीचं नाव नव्हतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

सीसीसी काही घडावर मारायचं औषध नाही. खरड छाटणीनंतर, एप्रिल-मेमध्ये, फुटीची वाढ आवरावी आणि डोळ्यात घड चांगला धरावा म्हणून ते पानांवर फवारलं जाई. त्या वेळी वेलीवर एकही घड नसतो. ते काडीत, खोडात साठून राहिलं आणि आठ-दहा महिन्यांनी मण्यात उतरलं. काढणीआधी महिनाभर हात आखडता घेतला की झालं, अशी समजूत असणाऱ्यांना तो मोठा झटका होता.

मी काही हंगाम निफाड-दिंडोरी भागात नमुने गोळा करत फिरलो आहे आणि नंतर बरीच वर्षं लोकांना अहवाल वाचून दाखवण्यात गेली. लोक पैसे चाचणीवर खर्च करतात आणि चुका चाचणीच्या आधी करतात. म्हणून हा लेख यंत्रापासून सुरू होत नाही.

पायरी १: फवारणीची वही

वही सगळेच ठेवतात. निर्यातीच्या बागेला ती लागतेच. पण बहुतेक वह्या हंगामाच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेल्या असतात. अशी वही तपासनिसाला दाखवायला ठीक, चाचणीसाठी तिचा उपयोग शून्य.

प्रत्येक फवारणीला एवढं लिहा: तारीख, प्लॉट, औषधातल्या मूळ घटकाचं नाव, त्याचं शेकडा प्रमाण, लिटरला मात्रा, एकरी किती पाणी गेलं, छाटणीपासून कितवा दिवस आणि बाटलीचा बॅच नंबर. ब्रँडचं नाव लिहून भागत नाही. एकाच घटकाची दहा नावं बाजारात असतात, आणि एकाच नावाच्या बाटलीत दोन घटकही असतात. ‘डावणीचं औषध मारलं’ या नोंदीवरून प्रयोगशाळेने काय शोधायचं?

ज्याला आपण औषध मानत नाही तेही वहीत यायला हवं. छाटणीआधी पानगळीसाठी वापरलेलं इथेफॉन, मणी फुगवणारी जीए आणि सीपीपीयू ही संप्रेरकं, टॉनिक, ‘जैविक’ म्हणून आलेल्या बाटल्या. जैविकच्या बाटलीत लेबलवर नसलेलं कीटकनाशक निघाल्याचं प्रयोगशाळांनी वारंवार दाखवलं आहे. अशी बाटली वापरायचीच असेल तर बिल घ्या आणि त्या बॅचचं थोडं औषध बाटलीत बाजूला ठेवा. अहवालात अनोळखी नाव आलं तर तपासायला हातात काहीतरी राहतं. घरच्या माणसाने दुकानातून ‘जोडीला हे पण मारा’ म्हणून आणलेली पुडीसुद्धा लिहा. निम्म्या भानगडी त्या पुडीच्या असतात.

पायरी २: कोणत्या बाजाराची मर्यादा?

एमआरएल म्हणजे त्या पिकात त्या रसायनाचा जास्तीत जास्त किती अंश चालेल याची कायदेशीर मर्यादा. तो विषाचा आकडा आहे, त्याच्या वर गेलं की माणूस आजारी पडतो, असं नाही. औषध नीट, लेबलप्रमाणे वापरलं तर काढणीला किती अंश उरेल हे शेतातल्या प्रयोगांवरून काढतात, तेवढा अंश रोज खाल्ला तरी चालेल का हे पडताळतात, आणि मग मर्यादा ठरते. त्यामुळे एमआरएल ओलांडणं म्हणजे बहुतेक वेळा वापरात चूक झाली याचा पुरावा. त्याउलट, मर्यादेच्या आत आहे म्हणून सगळं छान असंही नाही. त्याकडे शेवटी येतो.

मर्यादा देशागणिक वेगळी. ज्या रसायनाला युरोपात मर्यादा ठरवलेली नाही किंवा ज्याची मान्यता गेली, त्याला तिथे साधारण ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो हा सरसकट आकडा लागतो. क्लोरपायरिफॉसची मान्यता तिथे २०२० मध्ये गेली आणि मर्यादा याच आकड्यावर आली. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही, जिथे मर्यादा ठरलेली नाही तिथे, ०.०१ चाच नियम ठेवला आहे.

०.०१ म्हणजे किती? शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम. एकरी दहा टन धरले तर दहा एकरांच्या सगळ्या मालात मिळून एक ग्रॅम मूळ घटक. फवारणीच्या ब्लोअरची टाकी न धुता दुसऱ्या बागेत नेली तर हे सहज होतं.

निर्यातीसाठी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी हाताशी ठेवा. तिच्यात द्राक्षावर लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत नोंदणी, असलेली औषधं, मात्रा, युरोपची मर्यादा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, म्हणजे पीएचआय, दिलेलं असतं. यादी बदलत असते, त्यामुळे गेल्या वर्षीची झेरॉक्स भिंतीवर लावून ठेवू नका. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षात मेथोमिल आणि ॲसिफेटचे अंश सापडले, त्यानंतर रेसिड्यू मॉनिटरिंग सुरू झालं आणि २००६ मध्ये अपेडा या सरकारी निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही बागांची नोंद ठेवणारी व्यवस्था आली. आज पॅकहाउसमधल्या पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो, तो त्यामुळे.

पायरी ३: दिवस मोजा, पण डोळे उघडे ठेवून

पीएचआयचा आकडा सरळ वाचू नका, त्यामागचा हिशोब समजून घ्या. समजा फवारणीनंतर मण्यावर किलोला १ मिलिग्रॅम अंश आहे आणि तो दर पाच दिवसांनी निम्मा होतो. पाच दिवसांनी ०.५, दहाला ०.२५, पंधराला ०.१२५. मर्यादा ०.१ असेल तर सतरा-अठरा दिवस पुरतात. मर्यादा ०.०१ असेल तर तेहतीस-चौतीस दिवस लागतात. औषध तेच, बाग तीच, बाजार बदलला की दिवस दुप्पट. लेबलवरचा आकडा आपल्या देशातल्या मर्यादेसाठी असतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

वर, निम्मा व्हायला लागणारे दिवस काही दगडावरची रेघ नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा रसायन हळू मोडतं. मणी फुगत असतो तोवर वजन वाढल्याने अंश आपोआप विरळ होतो. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकू लागल्यावर, मारलेल्या औषधाला ती मदत फारशी मिळत नाही. नेमकी याच काळात भुरी दिसली की हात शिवशिवतो. घडावर डिपिंग केलं असेल, म्हणजे घड द्रावणात बुडवले असतील, तर अंश फवारणीपेक्षा जास्त बसतो. आणि दाट कॅनोपीत, म्हणजे वेलीच्या पानोळ्यात, आतल्या घडाला ऊन लागत नाही, तिथला अंश बाहेरच्यापेक्षा उशिरा जातो. या चारांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर मी यादीतल्या दिवसांत आठवडा वाढवूनच धरतो.

पायरी ४: नमुना

इथे घाई करू नका. प्रयोगशाळेचं यंत्र कोट्यवधींचं असो, तुम्ही पिशवीत काय भरलं तेवढंच ते सांगणार.

निर्यातीच्या नोंदणीकृत प्लॉटचा अधिकृत नमुना प्रयोगशाळेचाच माणूस काढतो, तुमच्यासमोर. तो तुमचा विषय नाही. मात्र त्याच्याआधी, काढणीच्या वीस-पंचवीस दिवस अगोदर, स्वतःचा एक नमुना पाठवा. त्यात काही निघालं तर थांबायला दिवस शिल्लक असतात. काढणीच्या दोन दिवस आधी केलेली चाचणी म्हणजे निकाल कळण्यापुरती. करता काहीच येत नाही.

सकाळी दव वाळल्यावर जा. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ज्याने पंप पाठीवर घेतला त्याला सोबत नेऊ नका. कात्री साबणाने धुतलेली, हातात नवे हातमोजे. प्लॉटमध्ये नागमोडी चाला आणि निदान वीस-पंचवीस वेलींवर थांबा. ओळीच्या दोन्ही बाजू, कॅनोपीच्या आतले आणि बाहेरचे, दोन्ही घड हवेत. पूर्ण घड तोडत बसलात तर आठ-दहा किलो होतील. म्हणून एका घडाची पाकळी खांद्याकडून, दुसऱ्याची मधून, तिसऱ्याची टोकाकडून अशी कापा. घडाचं टोक आणि दाट गाभा यांच्यावर औषध सारखं बसत नाही, हे डिपिंग केलेल्या माणसाला सांगायला नको. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या पद्धतीत द्राक्षाच्या प्रयोगशाळा नमुन्याला निदान २ किलो सांगितले आहेत. मी चार-पाच किलो काढतो आणि दोन सारख्या पिशव्या करतो. एक प्रयोगशाळेला, एक घरी डीप फ्रीझरमध्ये, सील करून, तारखेसह. वाद झालाच तर ती दुसरी पिशवी कामी येते.

सडके, चिरलेले मणी काढून टाका. पण धुऊ नका, पुसू नका. मर्यादा न धुतलेल्या फळाला लागू असते. एका बागेत काकूंनी मोठ्या प्रेमाने घड पाटात धुऊन, फडक्याने पुसून पिशवीत भरून दिले होते. अहवाल सुरेख आला असता! सगळं परत काढावं लागलं.

पिशवी नवी, अन्नासाठीची. खताच्या गोणीतलं प्लास्टिक, औषधाच्या खोक्यातली पिशवी, जुनं वर्तमानपत्र काही चालणार नाही. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, ओल लागली तरी पुसत नाही. बर्फाच्या जेल पॅकसह थर्माकोलच्या डब्यात भरा आणि चोवीस तासांत पोचवा. गाडीच्या डिकीत औषधाची बाटली, पंपाचा पाइप, ग्रीसचा डबा काही नको. माझ्या पहिल्याच हंगामात मी एका बागेचा नमुना डिकीत ठेवला होता आणि तिथेच कुणाच्या तरी अर्धवट घट्ट झाकणाच्या बाटलीचा वास येत होता. अहवालात नेमकं तेच रसायन आलं. बागायतदाराने ते मारलेलं नव्हतं, हे त्याच्या वहीमुळे कळलं आणि मला निमूटपणे पुन्हा जावं लागलं. तेव्हापासून डबा मागच्या सीटवर असतो.

शेजारी टोमॅटो, कांदा किंवा कोणतंही दुसरं पीक असेल आणि तिकडे पंप चालू असेल, तर त्या बाजूच्या पहिल्या दोन ओळींचा वेगळा नमुना काढा. मुख्य नमुन्यात तो मिसळला तर दोन ओळींमुळे अख्खा प्लॉट नापास ठरू शकतो, आणि मुख्य नमुन्यातून तो टाळून गप्प बसलात तर तो माल पेटीत जाणारच आहे. वेगळा नमुना, वेगळा अहवाल, आणि गरज पडली तर त्या ओळींची काढणीही वेगळी. शेजाऱ्याशी भांडण करायच्या आधी त्याच्याकडून फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव मागा. बहुतेक लोक देतात.

पायरी ५: प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न

एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, हा पहिला प्रश्न, पण तेवढ्यावर थांबू नका. मान्यता कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या रसायनांसाठी आहे ते विचारा. मान्यतेच्या कागदाला जोडलेली यादी असते, ती मागा. डाळिंबाच्या मान्यतेवर द्राक्षाचा अहवाल देणं बरोबर नाही.

दुसरा प्रश्न यादीचा. ‘मल्टी-रेसिड्यू’ चाचणीत एका दमात शेकडो रसायनं पाहिली जातात, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं आलं. येत नाही. पाण्यात सहज विरघळणारी, फार ध्रुवीय रसायनं या पद्धतीत हाती लागत नाहीत: सीसीसी, इथेफॉन, ग्लायफोसेट, पॅराक्वाट. त्यांना स्वतंत्र पद्धत, स्वतंत्र पैसे. मॅन्कोझेब, प्रोपिनेब, मेटिराम यांचीही गंमत आहे. ही औषधं नेहमीच्या पद्धतीत थेट मोजत नाहीत. ती तोडून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. म्हणून अहवालात ‘डायथायोकार्बामेट’ एवढंच येतं, नेमकं कोणतं ते नाही. तुमची वही घेऊन प्रयोगशाळेत बसा आणि एकेका नावापुढे खूण करून घ्या. ज्यापुढे खूण नाही त्याची चाचणी झालेली नाही. २०१० ची सगळी कहाणी या एका वाक्यात आहे.

तिसरा प्रश्न: यंत्र खात्रीने किती खालपर्यंत मोजतं? याला एलओक्यू म्हणतात. युरोपला माल जाणार असेल तर तो ०.०१ किंवा त्याखाली हवा. एलओक्यू ०.०५ असलेल्या प्रयोगशाळेचा ‘काही सापडलं नाही’ हा शेरा ०.०१ च्या मर्यादेपुढे काही सांगत नाही.

आत काय होतं, तेही एकदा पाहून या. जमलं तर मुलांना घेऊन जा. घडाचे देठ काढतात, मणी गार करून मोठ्या मिक्सरमध्ये एकजीव लगदा करतात. त्या लगद्यातून फक्त १० ग्रॅम घेतात, म्हणजे तीन-चार मण्यांएवढा. मांजरीच्या शास्त्रज्ञांनी बसवलेल्या पद्धतीत त्यात इथाइल ॲसिटेट हा द्रावक आणि निर्जल सोडियम सल्फेट घालून घुसळतात. सोडियम सल्फेट पाणी धरून ठेवतं, रसायन द्रावकात उतरतं. जगभर चालणारी दुसरी पद्धत म्हणजे ‘क्वेचर्स’, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात द्रावक ॲसिटोनायट्राइल असतं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर नितळ थर येतो. साखर, आम्लं, रंग शोषून घेणारी पूड घालून तो साफ करतात आणि त्यातला एक थेंबही नाही, त्याचा अंश, यंत्रात सोडतात. उष्णतेने वाफ होणारी रसायनं गॅस क्रोमॅटोग्राफवर, बाकीची द्रवाच्या यंत्रावर. यंत्रातल्या स्तंभातून, म्हणजे बारीक नळीतून, प्रत्येक रसायन आपापल्या वेळेला बाहेर पडतं, मग त्याचे तुकडे करून त्या तुकड्यांच्या वजनावरून ओळख पटवतात. वेळ आणि तुकडे, दोन्ही जुळले तरच नाव लागतं. तुमच्या एकराचा निवाडा तीन मण्यांच्या लगद्यावर होतो, म्हणून पिशवी भरताना एवढी काळजी घ्यायची.

पायरी ६: अहवाल वाचणं

अहवाल आला की लोक शेवटचं पान उघडून ‘पास’ की ‘फेल’ ते बघतात. सुरुवातीपासून वाचा. नमुन्याचा कोड, प्लॉट नंबर, नमुना पोचल्याची तारीख, पद्धत. मग आकडे.

बीएलक्यू असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शून्य नव्हे. खात्रीने मोजता येईल त्याच्या खाली, एवढाच. तिथे थोडं काही असू शकतं.

प्रत्येक आकड्याला अनिश्चितता असते. युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती सरसकट ५० टक्के धरतात. म्हणजे अहवालात ०.०१४ आलं तर खरा आकडा ०.००७ ते ०.०२१ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. सरकारी तपासणीत हा फायदा मालाला देतात. खरेदीदार देत नाही. उलट काही युरोपीय सुपरमार्केट कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांश इतकाच अंश मान्य करतात आणि एका नमुन्यात किती रसायनं सापडली हेही मोजतात. त्यामुळे ‘सगळं मर्यादेत’ असूनही माल नाकारला जातो. ऑर्डर घेतानाच खरेदीदाराची अट लेखी मागा.

आता सगळ्यात जास्त भांडणं होतात ती जागा. ‘कार्बेन्डाझिम मी वर्षभर हातात धरलं नाही, अहवालात कसं आलं?’ वही उघडली की थायोफेनेट मिथाइल निघतं. ते झाडात मोडून कार्बेन्डाझिम होतं. ॲसिफेटमधून मेथॅमिडोफॉस, डायमेथोएटमधून ओमेथोएट, थायोडिकार्बमधून मेथोमिल असंच निघतं. फवारलेलं नाव आणि सापडलेलं नाव एकच असेल असं नाही, आणि कधीकधी मर्यादा दोघांच्या बेरजेला लागते. प्रयोगशाळेवर आरोप करण्याआधी ही जोडी तपासा.

तरीही आकडा पटतच नसेल तर फ्रीझरमधली दुसरी पिशवी काढा आणि दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. पहिल्या अहवालाची प्रत सोबत देऊ नका.

पायरी ७: नापास झालं तर

थांबा आणि पुन्हा नमुना काढा. उतार किती दिवसांत होतो याचा अंदाज दोन अहवालांमधल्या फरकावरून चांगला येतो, यादीपेक्षाही चांगला, कारण तो तुमच्या बागेचा असतो. दहा दिवसांपूर्वी ०.०६ होतं आणि आज ०.०३ आहे, तर तुमच्या बागेत निम्मं व्हायला दहा दिवस लागतात. ०.०१ खाली जायला आणखी सोळा-सतरा. तोवर घड वेलीवर टिकतील का, साखर किती चढेल, हे तुम्हालाच ठरवायचं.

घडावर पाणी मारून अंश धुऊन निघेल, असं सांगणारे भेटतात. मण्याच्या वर बसलेलं थोडं निघतं, आत शिरलेलं अजिबात नाही, आणि घडात पाणी साचून कूज मात्र नक्की होते.

बेदाणा करून टाकू, हा दुसरा सल्ला. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, रसायन सगळंच उडत नाही. जे रसायन वाळवताना मोडत नाही त्याचा किलोमागचा अंश चौपटीपर्यंत जाऊ शकतो.

आणि तिसरा, सगळ्यात सोपा: ‘लोकलला देऊन टाकू.’ याबद्दल मला स्पष्ट बोलू द्या. लोकल म्हणजे नाशिक, पुणे, मुंबईतली लेकरं. अन्नसुरक्षेचा कायदा त्यांच्या ताटालाही लागू आहे, तपासणी कमी होते म्हणून तो रद्द होत नाही. युरोपची मर्यादा ओलांडलेला माल आपल्या मर्यादेत असू शकतो, तेव्हा तो विकण्यात गैर काही नाही. मात्र ती मर्यादा आधी उघडून पाहा. न पाहता विकणं ही पळवाट झाली.

पायरी ८: माती

पेटी पास झाली म्हणून बाग पास झाली असं नाही. मण्यात जे उरलं नाही ते कुठेतरी गेलं असतंच. काही मोडलं, काही हवेने उडालं, काही पानांवरून ओळीतल्या मातीत पडलं.

रेसिड्यूसाठी मातीचा नमुना खताच्या माती परीक्षणासारखा काढू नका. तिथे आपण माती सावलीत वाळवतो. इथे वाळवली तर काही रसायनं उडून जातात. पंधरा-वीस ठिकाणी, वेलीजवळ ओळीत एक आणि दोन ओळींच्या मध्ये एक, असे वरच्या १५ सेंटिमीटरचे नमुने घ्या आणि ओळीतले एकत्र, मधले एकत्र, असे दोन वेगळे नमुने मिसळा. ओळीतली आणि मधली माती मात्र एकत्र करू नका. काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लावून, ओली आहे तशी, गार करून पाठवा.

त्यासोबत तांब्याची चाचणी सांगा. ती नेहमीच्या रेसिड्यू अहवालात येत नाही, आणि माझ्या मते जुन्या बागांत तीच जास्त महत्त्वाची आहे. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाला आपण निरुपद्रवी मानतो. १८८५ पासून ते वापरात आहे, सेंद्रिय शेतीतही चालतं. पण हिशोब करून बघा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर ४ किलो मोरचूद, त्यात पाव भाग तांबं, म्हणजे १ किलो. तांबं हे मूलद्रव्य आहे, ते मोडत नाही, कुजत नाही. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. म्हणजे दर फवारणीला मातीच्या किलोमागे जवळपास १ मिलिग्रॅमची भर. वर्षाला चार फवारण्या, वीस वर्षांची बाग, की ऐंशी-नव्वद मिलिग्रॅम वर चढले. गांडूळ आणि मातीतल्या बुरशी-जिवाणूंना हे सोसत नाही. युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, वर्षाला सरासरी ४ किलो. एकरी ते १.६ किलो होतात. एक टक्क्याच्या दोनच फवारण्यांत आपण त्याच्या पुढे. बोर्डो सोडा असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात अर्ध्या टक्क्यावर भागतं का ते पाहा आणि वहीत मोरचुदाचे किलोही लिहा.

पायरी ९: विहीर आणि बोअर

पाण्याचा नमुना एक लिटरच्या गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत घ्यायचा. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत आणलेलं पाणी चांगली प्रयोगशाळा घेत नाही. बोअर असेल तर मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग भरा. विहिरीत बाटली पृष्ठभागाच्या फूटभर खाली बुडवा. हवा न राहील अशी काठोकाठ भरून बर्फात ठेवा. दोनदा घ्या: एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, एकदा जूनमधला पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. धुऊन येणारं रसायन दुसऱ्यात दिसतं.

पाण्याचे आकडे फळाच्या आकड्यांशी ताडू नका. युरोपात पिण्याच्या पाण्याला एका कीडनाशकासाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. फळाच्या ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा ती शंभरपट कडक. म्हणून पाण्याची चाचणी सांगताना एलओक्यू पुन्हा विचारा. फळाच्या पद्धतीने पाणी तपासलं तर काहीच सापडणार नाही.

सापडलंच, तर आधी बागेकडे बघू नका. जिथे औषध कालवता आणि ब्लोअर धुता ती जागा बघा. पाणी जवळ म्हणून ती जागा बहुतेक ठिकाणी विहिरीच्या काठावर असते. टाकीच्या तळाला उरलेलं लिटरभर द्रावण रोज एकाच जागी ओतलं जातं, आणि एकरभर फवारलेल्यापेक्षा ते जास्त नुकसान करतं. ही जागा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हलवा. स्वीडनमध्ये १९९३ पासून यासाठी बायोबेड, म्हणजे रसायन मोडणारे खड्डे, करतात. सुमारे दोन फुटांचा खड्डा, त्यात निम्मा पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि पाव भाग माती, वर गवत. धुणं त्यातच सोडतात. पेंढ्यावरच्या बुरशा रसायन मोडतात. आपल्याकडे पीटऐवजी चांगलं कुजलेलं कंपोस्ट घालता येतं. खड्ड्यात पावसाचं पाणी भरू नये म्हणून वर पत्रा लागतो, एवढंच लक्षात ठेवा.

फवारणीच्या दिवशी शेजारी कांद्याचं बीजोत्पादन फुलावर असेल तर पंप संध्याकाळी चालवा. द्राक्षाला मधमाशी फारशी लागत नाही, कांद्याच्या बियाला तिच्याशिवाय भागत नाही, आणि ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्याने उडणारा फवारा, आपल्याकडूनही तिकडे जातो.

रिकामी बाटली टाकीवरच तीनदा विसळा, विसळलेलं पाणी टाकीतच ओता, मग खिळ्याने बाटलीला तीन-चार भोकं पाडा. भोकं पाडलेली बाटली शेतावरच्या मजुराच्या झोपडीत पाण्याला किंवा तेलाला जात नाही.